गुरुवार मोडू नका

आप्पांनी केलं. दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ नका पाव्हणं — नशिबाचं नाही, देवाचं नाही, पत्रिकेचं तर नाहीच नाही. माझ्या बापानं केलं, आणि त्याला काडी लावून दिली त्याच्या धाकट्या भावानं, आमच्या बजरंग तात्यानं. काय? हळू बोलू? का म्हणून? आत पडलेत ते, भिंतीकडं तोंड करून, आणि झोपलेले नाहीत — तुमची गाडी दारात थांबली तेव्हा चांगले खाटेवर बसून तंबाखू मळत होते, तुम्हाला बघितलं आणि आडवे झाले. ऐकू द्या. दिवाळी झाल्यापासून मी ह्या घरात कुणाशी धड बोललेलो नाही, आज तुमच्या निमित्तानं ऐकू द्या.

बसा ना. खुर्ची नको? बरं, पायरीवर बसा, सावली इथंच आहे. आई चहा टाकतीय. तुमच्यावर राग नाही माझा — होता, खोटं कशाला बोलू, तुमचा फोटो आला होता मोबाईलवर, तात्यानंच पाठवलेला, दुधाच्या पिकअपला टेकून उभे होतात, तेव्हा वाटलं होतं की — जाऊ द्या. तुमचं काय चुकलं? तुमची पहिली बायको वारली, घरात माणूस पाहिजे होतं. इकडं माझा भाऊ वारला, आणि राजेश्वरी वहिनीला ह्या लोकांना कुठंतरी लावून द्यायचं होतं. जमलं. दोन्ही पोरं घेऊन गेलात, हे मात्र मानलं बरं का गोरक्षनाथभाऊ. दुसरा असता तर म्हणाला असता, बाई तेवढी द्या, पोरं आजाकडं ठेवा. मोहिनीचा शाळेचा दाखला आई देईल, तिनंच आणून ठेवलाय. नवूची सायकल ती तिथं, चाकात हवा नाही. आणि ती पिशवी कसली? माझ्यासाठी? ठेवा तिथं, बघतो मग.

काय विचारलंत? परत विचारा — गुरुवारचं?

सतरंजी टाकतात होय अजून? दोघं? दिवे लागायच्या टायमाला — आणि टाकून नुसतं बसून राहतात. कुणी काही विचारलं तर सांगत नाहीत. मग वहिनीला नाही विचारलं तुम्ही? … विचारलं. ती पण सांगत नाही. उठून आत जाते. हं.

मग मीच सांगतो. नीट ऐका, कारण मी काही तुमच्या काष्टीला येणार नाही, आणि इथं दुसऱ्या कुणाला त्यातलं काही कळलेलं नाही. पण गुरुवारच्या आधी नाईटचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या पोरांना कसलं तरी खूळ आहे. बिभीषण, माझा थोरला भाऊ, ह्याच एमआयडीसीत प्रेस मशीनवर होता. नाईट करून सकाळी येताना कंटेनरनं उडवला, ते तुम्हाला माहितीये. नवू तेव्हा एवढासा, नुकता बोलायला लागलेला. सारखं विचारायचा, पप्पा कुठंय. तर आप्पा म्हणाले, "नाईटला गेल्यात, येत्याल." झालं! आज्यानं म्हटलं की सगळ्या भावकीनं तेच लावून धरलं. दहाव्याला अख्खं गाव जेवून गेलं, कीर्तनकारानं मरणावर तासभर सांगितलं, पण एवढ्याशा पोराला मांडीवर घेऊन खरं सांगायची एकाची छाती झाली नाही. वहिनी म्हणाली, मी सांगते त्याला. तर आप्पा तिच्यावर ओरडले, "बायामानसांनी ह्यात बोलू न्हाई." ह्यांना वाटलं, विसरंल पोरगं. पोरगं कशाला विसरतंय? आमच्याकडच्या घरातलं पोर नीट बोलायच्या आधी फर्स्ट, सेकंड, नाईट शिकतं. त्याला पक्कं माहीत होतं — नाईटला गेलेलं माणूस सकाळी येतं, डबा धुवायला टाकतं आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतं. हे माणूस काही येईना. मग त्याच्या डोक्यात नाईट म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

आणि मग नाईटला पाठवलं कुणाला? मला! डिप्लोमाच्या सेकंड इयरला होतो. तेरावा झाला आणि आप्पांनी ठरवलं, एक माणूस गेलं तर एक कामाला लागलं पाहिजे. स्वतः दणकट आहेत, बघितलंत ना, बैल उचलतील — ते नाही लागले, ते पारावर पत्ते कुटतात. मी लागलो, बिभीषणच्याच कंपनीत. पहिल्या नाईटला निघालो, बूट घालायला बसलो तर एकच पाय. आमचे सेफ्टी शूज असतात, पुढं लोखंड घातलेलं, जड — तो काय उडून जातो? सगळं घर पालथं घातलं. कंपनीची बस गेली. तांदळाच्या डब्यात सापडला, तांदळात पुरून ठेवलेला. आप्पांनी नवूच्या पाठीत धपाटा घातला, वर म्हणाले, कारटं बापावर गेलंय. मेलेल्या बापावर! दुसऱ्या वेळेला सिलिंडरच्या मागं. तिसऱ्या वेळेला पाण्याच्या पिंपात, तो बूट ओलाच घालून गेलो मी. मग सकाळी आल्यावर त्याला मांडीवर घेतलं आणि विचारलं, का रे बाबा? तर म्हणतो कसा — "बूट नाय तर काका नाय जानार."

त्या दिवसापासून गुरुवार आहे. आमच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी. मी दोघांना समोर बसवलं आणि शब्द दिला की नाईट मला करावीच लागणार, पण गुरुवारी दिवे लागले की ह्या घरातलं कुणी कुठं जाणार नाही. सतरंजी टाकायची, सगळ्यांनी तिच्यावर यायचं. आणि बाकीच्या दिवशी मी त्याला सांगून जाणार आणि आल्यावर उठवून तोंड दाखवणार, की बघ, आलो. हे पहिलं लक्षात ठेवा. तुम्ही पहाटं दूध गोळा करायला निघता ना? अंधारात? — म्हणजे तो झोपलेला असताना निघता. तसं करू नका. उठवा त्याला. रडला तरी उठवा, सांगा, चाललोय, ऊन पडलं की येतो. आणि ऊन पडलं की या. दहा लिटर दूध नासलं तरी चालेल, पण या.

मग मोबाईल. सगळ्यांचे मोबाईल तांदळाच्या डब्यात, वर झाकण. तुमचा पण. डेअरीचा फोन येतो — येऊ द्या की! आप्पांनी एकदाही टाकला नाही. "माज्याच घरात मला कायदा शिकवतो," म्हणायचे आणि मोठ्या आवाजात बातम्या लावून बाहेर ह्याच पायरीवर बसायचे. तुम्ही बसलाय तिथंच. आत नातवंडं हसतायत आणि हा माणूस बाहेर बसून कुठल्या राज्यात कोण फुटलं ते ऐकतोय. ऐकताय ना आप्पा? तुमचंच चाललंय!

कूस बदलली. बघितलं?

आणि गुरुवारी साहेब कोण, तर मोहिनी. तुम्ही नाही, मी नाही, मोहिनी. बुधवारीच ती ठरवायची — काय शिजवायचं, काय खेळायचं, कुणी काय काम करायचं. हिच्या बाई म्हणाल्या होत्या की ही वर्गात तोंडच उघडत नाही, आणि घरात बघावं तर हुकूम! "काका, तू भांडी घास. आजी, तू गाणं म्हण, पण देवाचं नको. आई, तू आज काही करायचं नाही, तू नुसती बसून राहा." बसून राहा! आमच्या घरात सुनेला बसून राहा असं कुणी आजवर म्हटलं होतं का, विचारा आईला. आई, म्हटलं होतं कुणी तुला? — हसतीय बघा, आणि पदर डोळ्याला. एकदा मोहिनीनं हुकूम काढला, आज सगळ्यांनी फूल घालायचं. दसऱ्याचा झेंडू उरलेला. आईला घातलं, मला कानावर खोचलं, नवूच्या चड्डीच्या नाड्यात बांधलं, आणि वहिनीच्या केसात. वहिनी नको नको म्हणत होती. आप्पा जेवायला आत आले, बघितलं, आणि ताटाला पाय लावून बाहेर गेले. माझ्या कानावर फूल होतं त्याचं काही नाही. आमच्या घरात पुरुषानं जोकर झालं तर चालतं, बाईनं फक्त — जाऊ द्या. मी तिला म्हटलं, काढू नका वहिनी. तिनं काढलं नाही. झोपेपर्यंत काढलं नाही.

खायचं म्हणाल तर शेंगोळे. वहिनी करत असेल तुमच्याकडं पण, नाही? — गेल्यापासून एकदाही नाही? बरं. मग तुम्ही करा. हुलग्याचं पीठ घ्यायचं, लसूण, जिरं, मिरची, घट्ट मळायचं आणि सगळ्यांनी परातीभोवती बसून वळायचं. चांगले व्हावेत म्हणून नाही करायचं ते, सगळ्यांचे हात एका परातीत यावेत म्हणून करायचं. नवू सगळ्या पिठाचा एकच साप करतो, तो तोडायचा नाही, तसाच उकळीत सोडायचा आणि अख्खा त्यालाच वाढायचा. लसूण मात्र जास्त ठेचा. पोरांना नाही हो, तिला. तिला लसूण जास्त लागतो, पण ती मागणार नाही, ती कधीच काही मागत नाही, सगळ्यांना वाढून तळाचं पाणी स्वतःला घेते आणि वर म्हणते मला हेच आवडतं. ते खरं नाही. तिला नाही आवडत ते. तेव्हा आधी तिचं ताट वाढून ठेवायचं, नवूच्याही आधी, आणि — मी पोरांचं सांगत होतो. पोरांचं.

जेवणं झाली की हत्ती. हा नवूचा खेळ. लाईट बंद करायची. एकानं जुनी साडी डोक्यावरून घ्यायची, गुडघ्यावर चालायचं, तो आंधळा हत्ती. बाकीच्यांनी लपून टाळी वाजवायची आणि हत्तीनं टाळीवरून सांगायचं कोण कुठं आहे. नवू माझ्या पाठीवर बसायचा, माहूत म्हणून, आणि सगळ्यांची नावं आधीच फोडून टाकायचा. आईची टाळी जाड. मोहिनीची घाईची. वहिनी खेळात नसायची, ती आईला टेकून बसायची, पण टाळी वाजवायची. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या ना, ह्या लोकांनी फोडलेल्या, त्यामुळं तिची टाळी कोरडी यायची, नुसत्या हाताची. सगळ्यांच्या टाळ्यांत मला ती एकटी वेगळी कळायची. अजून —

उन्हं बघा कुठवर आलीत. चहा आला. घ्या.

अशाच एका गुरुवारी तात्या आला. न सांगता, गावाकडनं, पाथर्डीच्या एसटीनं. आप्पा पारावर गेलेले. दार नुसतं लोटलेलं. तात्याला बाहेरून काय दिसलं? घरात अंधार. काय ऐकू आलं? विधवा सून हसतीय. कारण नवूनं माझे कान ओढले होते आणि मी हत्तीसारखा ओरडलो होतो, आणि ती हसली — मोठ्यानं, दोन वर्षांत पहिल्यांदा, मला स्वतःला कळेना हे कोण हसतंय. आणि तात्यानं आत येऊन बटण दाबलं. आता तुम्ही बघा त्याच्या डोळ्यांनी — मी गुडघ्यावर, वहिनीची साडी माझ्या डोक्यावर, ती भिंतीला टेकून पोट धरून हसतीय. आणि आई तिथंच होती की! तिच्या शेजारी, मांडीला मांडी लावून! दोन पोरं होती! त्यांना तात्यानं धरलंच नाही. त्याच्या लेखी त्या घरात दोनच माणसं होती. आई म्हणाली, भावजी, बसा, शेंगोळे हायेत. तर म्हणाला, "पानी बी नगं." आणि गेला. रात्रीच्या गाडीनं परत गेला, पण राहिला नाही.

महिनाभरात गावात माझ्या नावानं नवीन गंमत निघाली. "कान्यानं गुरुवार धरल्यात म्हनं. लई कडक धरल्यात." ती इथवर पोचली, इथल्या पारावर पण आप्पांच्या तोंडावर बोलायला लागले. मग माझ्यासाठी एक सोयरीक आली होती जामखेडकडची, मी मागितली नव्हती, ते आले, पोहे खाल्ले, त्यांच्यातली एक म्हातारी वहिनीकडं बघत राहिली आणि चार दिवसांनी निरोप आला, पोरीचं शिक्षण चालूये. मग बसले हे दोघं भाऊ. ह्याच खोलीत. मी मागं मोरीत हातपाय धूत होतो, त्यांना वाटलं मी गेलो कामाला. तात्या म्हणतो, बाईला तिच्या माहेरी पोचवा, तिकडं कुठं जमतंय का बघू, तोवर ह्याचं जमत न्हाई. आणि आई बोलली. जन्मात पहिल्यांदा मधी बोलली. म्हणाली, "आवो, मग त्या दोघांचाच पाट लावा की. पोरं घरात ऱ्हात्याल. काय वंगाळ हाय त्यात?"

मी नळ बंद केला.

आणि आप्पा काय म्हणाले माहितीये? नको म्हणाले असते तर एक वेळ ठीक होतं. म्हणाले, "बिभीषन गेला तवाच लावला असता तर कुनी नाव ठिवलं नसतं. आता लावला तर लोकं म्हनत्याल, ह्यांचं आधीपासूनच व्हतं. ते गुरुवार कशाला चालल्ते ते कळलंच मंग." म्हणजे बघा — पोरांसाठी सतरंजी टाकली नसती, तर लावला असता. टाकली म्हणून नाही. कोण म्हणणार होतं? ही लोकं कोण? ह्यातला एक तरी आला होता का पोराला सांगायला की तुझा बाप मेला? बोलवा त्यांना, ती लोकं मला दाखवा. आणि मला विचारलं? भिंतीपलीकडं होतो मी, ओले पाय घेऊन उभा. तिला विचारलं? ती दळण आणायला गेली होती, तिचं आयुष्य ठरलं तेव्हा ती गिरणीत नंबर लावून उभी होती. एकदा — एकदा नुसतं विचारलं असतं, कान्या, तुझं काय म्हणणं आहे. काय म्हणालो असतो?

काय म्हणालो असतो ते तुमच्यासमोर कसं सांगू. तुमच्या घरात नांदतीय ती आता. चहा घ्या, साय धरली.

नेलं ते पण कसं, तर मी सेकंड शिफ्टला असताना. तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला. मी आलो रात्री, तर सतरंजी घडी करून पेटीवर ठेवलेली, पोरांची अंथरुणं नाहीत. आई म्हणाली, नवू टेम्पोत बसंना, काकाला सांगून जायचं म्हणून हातपाय झाडत होता. दारापर्यंत आला, काका कुठंय म्हणाला. आणि आप्पांनी सांगितलं — ह्या माणसानं, त्याच तोंडानं, तेच सांगितलं — "काका नाईटला गेलाय."

मी सेकंडला होतो हो! रात्री घरी येणार होतो! सेकंडवाला माणूस घरी येतो! पोराला कळतं त्यातलं, निदान सेकंडला गेलाय म्हणायचं. आणि हे म्हणतात, तुज्याच भल्यासाठी केलं. मी मागं गेलो नाही. तिच्या भावानं फोनवर सांगितलं, तुम्ही इकडं आलात तर तिचं कुठंच जमणार नाही. म्हणून नाही गेलो. दुसरं काही नाही. तिचं जमावं म्हणून नाही गेलो.

आता दाखवा काय आणलंय. गूळ असेल काष्टीच्या बाजारचा, नाहीतर —

हा कुठं सापडला?

नवूच्या दप्तरात? तळाला? एवढे महिने? … माझाच आहे. जुन्या जोडाचा. दुसरा पाय आत खाटेखाली पडलाय, मला वाटलं कुत्र्यानं नेला एक. त्या दिवशीच घातला असणार त्यानं दप्तरात. मी नवीन जोड घालून गेलो होतो, त्याला काय माहीत. त्याला वाटलं असेल — आणि तुमच्या आईनं म्हटलं की तुझा काका नाईटला गेला, तर भांडतो? काय म्हणतो? नाही, नीट सांगा, तो म्हणतो तसं सांगा.

"काका नाईटला गेलाच नाय. त्याचा बूट माझ्याकडंय."

आणि तुम्ही तो काढून आणलात. त्याला न विचारता. — नाही, नाही, तुमचं मन चांगलं आहे, तुम्हाला वाटलं कामावरच्या माणसाचा बूट आहे, लागत असेल. पण हा परत न्या. आत्ता. त्याच्या हातात देऊ नका, काही बोलू नका, होता तसा दप्तराच्या तळाला ठेवा, वर वह्या ठेवा. आज गुरुवार आहे, पाव्हणं. तो दप्तरात हात घालून बघेल. आत्ता निघालात तर दिवे लागायच्या आत पोचता. सायकल मागं टाका, मी धरू लागतो. शेंगोळे आज नाही जमले तरी चालतील, नुसते सतरंजीवर जाऊन बसा, मोबाईल तांदळात टाका, मोहिनी काय सांगेल ते करा. हत्ती नका खेळू पण. तेवढं — तेवढं नका खेळू.

राहू द्या तो चहा. निघा तुम्ही. मला पण निघायचंय, शेजारच्या वर्कशॉपला गुरुवारचा माणूस लागतो, मी मागून घेतलंय ते काम. दोन पोरं गेली माझी. गुरुवारी मी आता नाईट करतो.